मूळ घर कुठलं आणि मागाहूनचं कुठलं? दापोलीकडच्या एका जुन्या कौलारू घराबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीच्या आतल्या गावात पणजोबांचं घर आहे, शंभराहून जास्त वर्षांचं, जोतं म्हणजे घराचा चौथरा जांभ्याचा, भिंती काही चिऱ्याच्या म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाच्या, काही मातीच्या भेंड्यांच्या म्हणजे कच्च्या विटांच्या. सत्तरच्या दशकात वडिलांनी सिमेंटचं प्लास्टर केलं, काका वेगळे झाले तेव्हा माजघरात मधे भिंत आली, मग बाजूला स्लॅबचं संडास-बाथरूम, आत सगळीकडे टाइल्स, आणि निसर्ग वादळानंतर मागच्या पाख्यावर निळा पत्रा. आता काकांचा हिस्सा परत तुमच्याकडे आलाय आणि तुम्हाला मधलं सगळं काढून 'मूळ घर' परत आणायचंय, तर मूळ कुठलं हे ओळखायचं कसं.

मी पंचवीसेक वर्षं कोकणातली जुनी घरं मोजतोय आणि दुरुस्त करतोय, त्यामुळे आधी स्पष्ट सांगतो की ओळखता येईल, बऱ्यापैकी नीट ओळखता येईल, पण परत आणायच्या फंदात पडू नका. तुमचं घर एका वर्षी बांधून झालं आणि मग बिघडत गेलं असं झालेलं नाहीये. ज्याला तुम्ही मूळ म्हणताय तेही बहुतेक दोनतीन टप्प्यांत झालेलं असणार, आधी मधलं दुपाखी घर, मग पुढची पडवी, मग मागचं स्वयंपाकघर. मग कुठल्या सालापर्यंत मागे जाणार? मी प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारतो, की याच्यामुळे घरात पाणी अडकतंय का आणि लाकडावर किंवा भिंतीवर नको तो भार येतोय का. येत असेल तर काढायचा, मग तो शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी. नसेल येत तर राहू दे, तुमच्या वडिलांच्या हातचा असला तरी.

आता ओळखायचं कसं. जोत्यापासून सुरुवात करा. सकाळी ऊन तिरकं असताना घराभोवती एक फेरी मारा आणि चिऱ्यांचे सांधे बघा. एकाच वेळी बांधलेल्या कामात प्रत्येक थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मधोमध येतो, गवंडी त्याला सांधमोड म्हणतात, आणि कोपऱ्यावर दोन्ही बाजूंचे चिरे एकमेकांत गुंतलेले असतात. जिथे खालपासून वरपर्यंत सरळ उभी रेघ दिसेल तिथे नवीन काम जुन्याला नुसतं टेकवलेलं आहे. पडवीचं जोतं आणि ओटीचं जोतं यांच्यामधे ही रेघ नव्वद टक्के सापडते मला. चिऱ्याचा चेहराही बघा, हाताने काढलेल्या चिऱ्यावर टिकावाचे तिरके घाव असतात आणि दोन चिरे एका मापाचे नसतात, मशीनच्या चिऱ्यावर करवतीच्या चाकाच्या गोल रेघा असतात आणि सगळे सारखे. तुमच्या बाथरूमच्या जोत्याचा फोटो बघितला, ते मशीनचे आहेत.

लाकूड याहून जास्त बोलतं. तुम्ही ओटीवरच्या फणसाच्या खांबाचा फोटो पाठवलाय, त्यात अंगणाकडच्या अंगाला कंबरेच्या उंचीवर एक चौकोनी खाच आहे, आत काहीच नाही, आणि तुम्ही विचारलंय की ही वाळवीने खाल्लीय का. नाही, वाळवी अशी काटकोनात खात नाही. ही सुताराने कुसू म्हणजे दुसऱ्या लाकडाचं घडवलेलं टोक बसवायला पाडलेली खाच आहे आणि तिच्यात बसलेलं लाकूड नंतर कुणीतरी काढलंय. आता असं करा, समोरच्या खांबाला याच्याकडे तोंड करून त्याच उंचीवर तशीच खाच आहे का बघा, असेल तर तिथे ओटीचा कठडा होता, पडवी नंतर वाढवल्यावर त्याची गरज संपली आणि तो काढला. समोर काहीच नसेल तर हा खांब दुसऱ्या कुठल्यातरी घरातून आलेला आहे. कोकणात हे फार चालायचं, मोडलेल्या घराचं लाकूड टाकून द्यायची पद्धतच नव्हती, त्यामुळे खांबाचं वय आणि घराचं वय एकच धरू नका. मी एकदा एका घरात एकाच रांगेत फणस, आईन, किंजळ आणि परत फणस असे चार खांब बघितलेत, घर एकच आणि खांब तीन घरांतले.

तुळई म्हणजे खांबांवरचं आडवं जाड लाकूड आणि वासे म्हणजे छपराची उतरती लाकडं, ही माळ्यावर चढून खालच्या अंगाने टॉर्च तिरका धरून बघा. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराने, तासलेल्या लाकडावर शिंपल्यासारखे उथळ खड्डे दिसतात, दोघांनी मिळून ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतात, आणि सॉ मिलच्या लाकडावर कमानीसारख्या वळलेल्या रेघा. खिळा सापडला तर लोहाराने ठोकलेला चौकोनी आहे की कारखान्यातला गोल तारेचा हे बघा. आणि वासे काळे कुठे आहेत ते नकाशावर मांडून ठेवा, कारण जिथे धुराचा थर आहे तिथे कधी ना कधी चूल होती. तुमच्या बाबतीत माजघराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात वर काळं दिसतंय आणि खाली तर बेडरूम आहे, म्हणजे काकांची चूल वेगळी झाली ती तिथे असणार, घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा.

छपराचा हिशोब. पूर्वी बरीचशी घरं केंबळी, म्हणजे गवताची नाहीतर पेंढ्याची, मग नळीची कौलं, मग मंगलोरी, मग पत्रा. मंगलोरी कौलाला साधारण फूटभर अंतरावर रिपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्ट्या, लागतात, त्यामुळे वाशांवर मधेमधे जवळजवळ खिळ्यांच्या जुन्या खुणा किंवा दोरीने घासलेले वळ दिसले तर आधी वेगळं छप्पर होतं असं समजा. कौल उलटं करून पोटावरचा शिक्का वाचा. इथे एक चूक सर्रास होते, बासेल मिशनच्या कौलावर १८६५ दिसलं की लोक घरावर 'स्थापना १८६५' अशी पाटी लावून मोकळे होतात. ते साल मंगळूरला त्या मिशनने कौलांचा कारखाना काढला त्याचं आहे, तुमचं कौल भाजल्याचं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे हे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे बासेल मिशनचा शिक्का असेल तर कौल साधारण त्या युद्धाच्या आधीचं, कॉमनवेल्थचा असेल तर नंतरचं. तेवढाच अर्थ काढा, कारण कौलंही एका घराची दुसऱ्या घरावर जातात.

जमिनीचे थर उंबरठ्यावर मोजता येतात आणि हे मला स्वतःला फार आवडतं. आधी सारवलेली चोपलेली जमीन, मग कोबा, मग शहाबादी फरशी, मग टाइल्स, आणि दर वेळी खालचं न काढता वर नवीन, म्हणून जमीन चढत जाते आणि उंबरा बुडत जातो. देवघराचा उंबरा बघा, त्या खोलीत शेवटपर्यंत सारवण असतं बऱ्याच घरांत, आणि मग माजघराचा बघा. तुम्ही पाठवलेल्या मापांत देवघराचा उंबरा साडेसात इंच वर आहे आणि माजघराचा तीन इंच, म्हणजे माजघराची जमीन साडेचार इंच चढलीय.

ही नुसती गंमत नाहीये, तुमच्या घरातला सगळ्यात धोकादायक बदल मला हाच वाटतो, पत्र्यापेक्षा आणि स्लॅबपेक्षा जास्त. लाकडी खांब जमिनीत पुरायचा नसतो, तो दगडाच्या तळखड्यावर उभा असतो आणि तळखडा जमिनीच्या वर डोकं काढून असतो, का, तर लाकडाच्या पायाला ओल लागू नये आणि वाळवी चढायला लागली तर दगडावर तिची मातीची नळी डोळ्यांना दिसावी. साडेचार इंच जमीन चढवल्यावर तळखडा गडप झाला आणि खांबाचा पाय टाइल्सच्या खाली गेला, आता रोज लादी पुसली की पाणी त्या फटीतून थेट लाकडाच्या टोकाला, आणि लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी पितं. वरून खांब तेल लावलेला छान चकाकतो आणि खाली भुसा झालेला असतो. आज घरी असाल तर एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक खांबाला टाइलच्या लगत चारी बाजूंनी टोचून बघा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज आत गेला तर त्या खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली आधी टेकू द्या आणि मगच बाकी विचार करा. धड असतील तर खांबाभोवती वीतभर टाइल्स आणि कोबा कापून तळखडा उघडा करा, ते चौकोन तसेच उघडे ठेवा, सिलिकॉन वगैरे भरू नका.

आता माजघरातली मधली भिंत. ती मागाहूनची आहे हे नक्की, तुमच्या फोटोत ती टाइल्सच्या खालच्या कोब्यावर उभी दिसतेय, तिला पाया नाही. तरीही लगेच घण घालू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी संगमेश्वरकडच्या एका घरात अशीच वाटणीची भिंत काढायला लावली होती, मागाहूनची आहे, बिनपायाची आहे, काढा. अर्धी उतरवली आणि वरची तुळई कडकन वाजली. ती तुळई मधे तडकलेली होती आणि घरातल्यांनी भिंत घालताना ती मुद्दाम तिच्या पोटाला भिडवून पाचर मारून बांधली होती, वाटणीची वाटणी आणि टेकूचा टेकू. आम्ही पळत बाहेर आलो, कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून मी भिंतीचं वय आणि भिंतीचं काम या दोन गोष्टी वेगळ्या वहीत लिहितो.

तपासायची पद्धत सोपी आहे. हॅक्सॉचं एक पातं घ्या आणि भिंतीचा माथा आणि तुळई यांच्यामधे सरकवून बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं सरकलं तर भिंत काही उचलत नाहीये. मधेच अडकलं तर तिथे भार आहे. मग तुळईच्या पोटाला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरी ताणून मधे किती झोळ पडलाय ते मोजा, आणि पोटाला आडवी चीर आहे का बघा, लांबीच्या दिशेने गेलेल्या चिरा बहुतेक लाकूड वाळल्याच्या असतात, त्यांची तितकी काळजी नाही, पण तंतू आडवे तुटलेले दिसले तर आधी इंजिनियरला दाखवा. भिंत निघण्यासारखी असली तरी मी तुम्हाला पूर्ण काढायला सांगणार नाही, वरची दोन फूट उतरवून हवा आणि उजेड खेळू द्या.

ती बिनखिडकीची खोली, जिला घरात अजून 'कोठी' म्हणतात आणि जिथे नंतर खिडकी फोडलीय. ही खोली तुमच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची खोली आहे असं माझं मत आहे आणि तुम्ही तिथे मॉड्युलर बाथरूम काढायचं म्हणताय म्हणून हे जरा लांबण लावून लिहितो. भिंत तिथे बाकीपेक्षा जाड आहे, जमीन उंच आहे, दार अरुंद आणि भक्कम, उजेडाला फक्त वर एक झरोका, ही सगळी लक्षणं भात ठेवायच्या खोलीची आहेत, आत शेणमातीने लिंपलेल्या बांबूच्या कणग्या असायच्या. घरच्या माणसांना खाऊन उरेल त्याच्या कितीतरी पट भात मावेल एवढी खोली आहे, म्हणजे बहुतेक कुळांकडून जमीन कसण्याबद्दल येणारा भाताचा खंड इथे साठत असणार. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करायचा खोतांचा हक्क, रद्द करणारा कायदा १९४९ चा, कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक धरली गेली. त्यानंतर अशा घरांत बाहेरचं भात यायचं थांबलं आणि कोठ्या रिकाम्या पडल्या, मग कुणी तिथे खिडकी फोडून निजायची खोली केली, कुणी अडगळ. तुमच्या आजीने खिडकी 'साठच्या आसपास' फोडली असं तुम्ही लिहिलंय, ते याच्याशी तंतोतंत जुळतं. त्या फोडलेल्या खिडकीचे खडबडीत कान म्हणजे बाजूच्या कडा आणि वरचा जुना झरोका दोन्ही एकाच भिंतीत आहेत, ते तसेच असू द्या, कायद्याने घर कसं बदललं हे इतक्या उघड दाखवणारी भिंत सगळ्या घरांत मिळत नाही. पाण्याची कुठलीही लाइन या खोलीत नेऊ नका, भेंड्याच्या भिंतीत गळका पाइप म्हणजे भिंत गेलीच.

सिमेंट प्लास्टरचं. वडिलांनी ते केलं तेव्हा सिमेंट कंट्रोलमधे होतं, परमिटवर मिळायचं, म्हणजे त्यांनी खटपट करून, पैसे साठवून ते आणलेलं आहे आणि घर पक्कं व्हावं म्हणूनच केलंय. पण जांभा सच्छिद्र आहे, माती तर आहेच. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंत खालून ओल ओढणारच, ती आधी मातीच्या नाहीतर चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायची. सिमेंटने तिची वाट बंद केली, त्यावर दर गणपतीला ऑइल पेंट, म्हणून ओल वर चढत चढत खिडकीपर्यंत आलीय आणि तिथे पांढरं मीठ फुटतंय. नखाने वाजवून बघा, पोकळ आवाज येईल तिथे मागचा जांभा पीठ झालाय. हे मात्र काढाच. तुळशीचं लग्न झालं की जमिनीपासून चार फुटांपर्यंत आतून बाहेरून उकलायला घ्या, छिन्नी हलक्या हाताने, ब्रेकर मशीन अजिबात नको, भेंडे हादरतात. जिथे सिमेंट चिऱ्याला इतकं घट्ट धरून बसलंय की काढताना चिऱ्याचा चेहरा निघेल, तिथे सोडून द्या. मग भिंत उघडीच ठेवा, निदान होळीपर्यंत, पाहुणे काय म्हणतील याचा विचार करू नका, एक सबंध कोरडा हंगाम तिला श्वास घेऊ द्या. बाहेरच्या बाजूला अंगण जोत्याला चढलंय तेही खरवडून खाली उतरवा आणि पागोळ्या पडतात तिथे उताराचा चर काढा, निम्मी ओल एवढ्यानेच जाते.

चुन्याचा गिलावा करताना पिशवीतली कोरडी पावडर आणून कालवू नका. कळीचा चुना आणा, पाण्यात विरवा, पाण्याखाली निदान महिनाभर ठेवा, मग एकाला तीन वाळू. पहिल्या थरात सुरखी म्हणजे विटांची भुकटी घातली तर आपल्या पावसाला जास्त चांगलं. विरवताना तो उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो, चष्मा घालूनच काम करायचं आणि लहान मुलांना लांब ठेवायचं. पातळ थर, आठवडाभर ओली गोणपाटं. पावसाच्या तोंडावर करू नका, होळी ते एप्रिल हा काळ बरा.

बाथरूमचा स्लॅब मला दिसायला आवडत नाही पण तो पाडा असं मी म्हणणार नाही, घरात म्हातारी माणसं असताना पावसात रात्री परड्यात जावं लागू नये म्हणून तो झालाय आणि ते बरोबरच होतं. त्याचा दोष दोनच ठिकाणी आहे. एक, स्लॅबची कड थेट जुन्या मातीच्या भिंतीवर टेकवलीय, ती सोडवून तिला स्वतःचे दोन कॉलम द्यायला हवेत. दुसरा, कौलांचा उतार आणि स्लॅब यांच्या खोबणीत पाला साचतो आणि पाणी उलटं भिंतीत येतं, तिथे रुंद पत्र्याची पन्हळ घाला, निदान फूटभर रुंद, आणि ती पावसाआधी आणि गणपतीआधी हाताने साफ करता येईल अशी ठेवा.

पत्र्याबद्दल तुम्हाला फार अपराधी वाटतंय असं दिसलं, तसं वाटून घेऊ नका. ३ जून २०२० ला अख्ख्या तालुक्याची छपरं उडाली, पाऊस दारात, कौलं मिळेनात, लोकांनी मिळेल तो पत्रा घातला. आणि आधीपासूनही वानरं कौलं फोडतात, दर वर्षी शाकारायला माणूस मिळत नाही, ही कारणं खरी आहेत. फक्त एक लक्षात घ्या, कौलं वजनाने बसतात आणि फटींतून वारा सोडतात, पत्रा हलका असतो आणि वारा पोटात घेतो, म्हणून पत्रा रिपेला धरून चालत नाही. रिप वाशाला, वासा तुळईला आणि तुळई खांबाला लोखंडी पट्टीने बांधली पाहिजे, नाहीतर पुढच्या वादळात पत्रा एकटा जाणार नाही, वासे घेऊन जाईल. हे बांधून झाल्यावर पत्र्यावर रिपा मारून तुमची उतरवलेली जुनी कौलं पुन्हा चढवता येतात, मधे हवा खेळते, ऊन कमी लागतं आणि पावसाचा आवाजही. फक्त वजन वाढतं, म्हणून आधी ते खांबांचे पाय.

काम सुरू करायच्या आधी दोन कागद काढा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या वहीतल्या, जुन्या नोंदींत घराचं वर्णन असतं, दगडमातीचं, कौलारू वगैरे, वर्षावर्षाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की पडवी कधी वाढली, पक्कं बांधकाम कधी आलं याचा अंदाज बांधता येतो. आणि ट्रंकेत मोडीतलं वाटणीपत्र असेल तर ते वाचून घ्या, त्यात पुष्कळदा कुणाला कुठली खोली गेली ते दिशेसकट लिहिलेलं असतं. नुसतं जांभ्याचं आणि लाकडाचं चांगलं काम डोळ्यांखालून घालायचं असेल तर रत्नागिरीला टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे, तिथे एक सकाळ घालवा, सोबत तुमच्या गवंड्याला न्या.

मापं घेताना प्रत्येक भिंतीची जाडी दाराच्या कानात मोजा आणि नकाशावर लिहा, जाडी बदलते तिथे बहुतेक टप्पा बदलतो. तेवढा नकाशा, खांबांच्या टोचणीचा निकाल आणि समोरच्या खांबावर खाच आहे का, हे तीन मला कळवा, मग टेकू कुठे आणि किती लावायचे ते सांगतो. तोपर्यंत त्या उत्तरेकडच्या खोलीत वर माळ्यावर काही जड सामान असेल तर ते या रविवारीच खाली उतरवा.